श्रीमंत, माजी, हल्ली मुक्काम

३० ऑक्टोबर २०२५ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातून एक निवेदन निघालं. राजे तिसरे चार्ल्स यांच्या धाकट्या भावाचे किताब, पदव्या आणि मानमरातब काढून घेण्याचं काम सुरू झालं आहे. यापुढे त्याला अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर म्हणावं, असा त्याचा मतलब. इंग्रजी वर्तमानपत्रांचं काम तिथेच संपलं. मराठी उपसंपादकाचं तिथून सुरू झालं. रात्रीपर्यंत राजपुत्र अँड्र्यू 'म्हणाले' होते. सकाळी ते म्हणाले, की तो म्हणाला?

वर मी 'त्याला' लिहून मोकळा झालो, कारण मला कुणाला जाब द्यायचा नाही. वर्तमानपत्रांना असं करून चालत नाही. त्यांचा एक अलिखित कायदा आहे. सायकल चोरली तर 'त्याला' अटक होते, साखर कारखाना चोरला तर 'यांना' होते. माजी मंत्री कोठडीत जातात तेही आदरार्थी बहुवचनातच, आणि छातीत दुखू लागल्यामुळे रुग्णालयात हलवले जातात तेही बहुवचनातच. एकवचनावर यायला माणसाने नेमकं किती खाली यावं लागतं, हे कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात दिलेलं नाही.

आमच्या कर्जत लोकलमध्ये हा विषय निघाला तेव्हा बदलापूर येईपर्यंत निकाल लागला नव्हता. (आमचं कर्जत म्हणजे रायगडचं. दुसरं एक नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं. आमच्या जिल्ह्यालाही पूर्वी कुलाबा म्हणत, १९८१ मध्ये तो रायगड झाला. घरातली म्हातारी माणसं अजून 'कुलाबा जिल्हा'च म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.) एकाचं म्हणणं, राणीचा मुलगा तो मरेपर्यंत राणीचा मुलगा, जन्म काय परत घेता येतो? दुसऱ्याचं म्हणणं, बंगला सोडायला लावला म्हणजे संपलं. खिडकीशी बसलेल्या एका माजी सरपंचांनी या विषयावर मत दिलं नाही. त्यांना गेली कित्येक वर्षं सगळी गाडी 'सरपंच' म्हणते. त्यांचं पद गेलं तेव्हा कुठल्या राजवाड्यातून निवेदन निघालं नव्हतं, त्यामुळे ते गेल्याचं कुणाला कळलंच नाही.

खरं तर असल्या प्रश्नाचा निकाल द्यायला कर्जत-खालापूरइतकं लायक ठिकाण नसेल. इथे उपाधी द्यायला दरबार भरवावा लागत नाही. रायगडात शेठ व्हायला दुकानही लागत नाही. दोन गुंठे मुंबईकराच्या फार्महाऊसला विकले, दारात एक जेसीबी उभा केला आणि गळ्यात साखळी घातली की आधी पोरं 'शेठ' म्हणू लागतात, मग तलाठी म्हणतो, मग खुद्द बायको म्हणते. ही उपाधी एकदा लागली की निवडणुकीत अनामत जप्त झाली तरी जात नाही, साखळी गहाण पडली तरी जात नाही. तिच्यावर भाऊ, भाई, दादा, अप्पा यांचे थर चढवता येतात. भाईशेठ, दादाशेठ, अप्पाशेठ. ब्रिटिश राजघराण्याने हे शिकून घेतलं असतं तर ड्यूक ऑफ यॉर्क ही पदवी गेल्यावर 'अँड्र्यूशेठ' उरला असता आणि कुणाला निवेदन काढावं लागलं नसतं.

मग ते 'मा.' आहेच. कर्जतच्या चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर दर दुसऱ्या नावापुढे ही दोन टिंबांएवढी उपाधी असते. ती माननीय आहे की माजी, हे फक्त छापणाऱ्याला आणि ज्याचं नाव आहे त्याला ठाऊक. बहुतेक वेळा दोन्ही असतं. पद असताना माननीय म्हणून छापलेला फ्लेक्स पद गेल्यावर माजी म्हणून तसाच वापरता येतो, खर्च वाचतो. बकिंगहॅमला सल्लागारांची कमी नाही, पण एकालाही 'मा. राजपुत्र' सुचलं नाही.

आता यात एक बारकावा आहे आणि तो समजून घ्यायला कर्जत स्टेशनात पाच मिनिटं उभं राहावं लागतं. पुण्याकडे निघालेल्या गाडीला इथे मागून जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती बोरघाट चढेस्तोवर गाडीला मागून रेटतात. ती लागेपर्यंत लोक बटाटावडा खाऊन घेतात. इंग्रजांच्या उपाध्या पुढच्या इंजिनासारख्या: हिज रॉयल हायनेस, प्रिन्स, सर, लॉर्ड. नावाच्या पुढे लावायच्या, कडी काढली की बाजूला. आपल्या उपाध्या बँकरसारख्या मागून लागतात: राव, पंत, साहेब, शेठ, बा, जी. रेल्वेचे बँकर लोणावळ्याला सुटतात. आपले सुटत नाहीत, ते डब्यालाच वितळून चिकटतात. बाजीराव यातला राव काढा, बाजी उरतो आणि तो भलताच माणूस होतो.

हे इंग्रजांना कळलं नाही, आणि ज्या माणसाच्या बाबतीत कळलं नाही तो आमच्याच तालुक्यातला. कर्जतजवळच्या वेणगावचा.

३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन व्हायचं पत्करलं. अटी अशा की राज्य, गादी, हक्क सगळं सोडायचं, दख्खन सोडून उत्तरेत जाऊन राहायचं आणि वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे. कानपूरजवळ गंगेकाठी बिठूर हे मुक्कामाचं ठिकाण ठरलं. कंपनी हिशेबाला पक्की, पण या एका सौद्यात तिची गफलत झाली. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. ते त्यानंतर साडेबत्तीस वर्षं जगले. नुसत्या तनख्याचेच अडीच कोटींवर रुपये झाले. पळपुटा म्हणून ज्यांची महाराष्ट्राने थट्टा केली त्यांनी कंपनीला याहून मोठा दणका रणांगणावर कधी दिला नसता.

बाजीरावांच्या मागोमाग बरीच कुटुंबं बिठूरला गेली. त्यांत वेणगावचे माधवराव नारायण भट होते. त्यांचा आणि गंगाबाईंचा मुलगा धोंडो, जन्म १८२४ चा. १८२७ मध्ये बाजीरावांनी त्याला दत्तक घेतलं. तीन वर्षांचं पोर वेणगावच्या भटांचं होतं ते एका होमात श्रीमंत झालं. पण घरात त्याला धोंडो कोण म्हणणार? पेशव्यांच्या घरात नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. नाना, भाऊ, दादा, बाळासाहेब, रावसाहेब ही ठरलेली घरगुती नावं. पिढ्या बदलत, नावं तीच फिरत. धोंडोपंत नाना झाला आणि नानाचा नानासाहेब झाला. हे नाव कंपनी सरकारने दिलं नव्हतं, सातारच्या छत्रपतींनी दिलं नव्हतं. ते माजघरातून आलं होतं.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले. मृत्युपत्रात त्यांनी नानासाहेबांना पेशव्यांच्या गादीचा वारस केलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब काढला: तनखा बाजीरावांचा होता, बाजीराव गेले, तनखा संपला. पेशवा ही पदवी तर १८१८ लाच संपली, तेव्हा ती वारशाने जाण्याचा प्रश्नच नाही. नानासाहेबांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, शेवटी अझीमुल्ला खान यांना वकील म्हणून थेट लंडनला धाडलं. अझीमुल्ला दिसायला देखणे, इंग्रजी-फ्रेंच उत्तम. लंडनच्या बैठकखान्यांत त्यांचं फार कौतुक झालं. अर्जाचं काही झालं नाही. आपल्याकडे मंत्रालयात गेलेला माणूस असाच चहा पिऊन परत येतो.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारी मंडळी म्हणजे कानपूरचे इंग्रज. कलकत्त्यात सरकार सांगत होतं की हा कुणी राजा-महाराजा नाही. आणि कानपूर छावणीतले साहेब, मडमा बिठूरच्या वाड्यावर मेजवान्या झोडून 'बिठूरचे महाराज' किती दिलदार आहेत ते एकमेकांना सांगत होते. सरकारी कागदात पदवी नाही, जेवणाच्या पानावर आहे. ज्याला पैसे द्यायचे होते तो महाराज म्हणेना, ज्याला जेवायचं होतं तो म्हटल्याशिवाय राहीना. आमच्या खालापुरात निवडणुकीच्या आठवड्यात एखाद्या धाब्यावर जाऊन पाहा, पदव्या अजून त्याच खिडकीतून वाटल्या जातात.

पुढे १८५७ चा उठाव आला. १ जुलैला बिठूरला नानासाहेबांना गादीवर बसवलं, टिळा लावला, तोफा झाल्या. पेशवा ही पदवी एकोणचाळीस वर्षांनी पुन्हा जिवंत झाली. १७ जुलैला इंग्रज सेनापती हॅवलॉक कानपुरात शिरला. अडीच आठवड्यांची पेशवाई. त्याच्या आधी आणि दरम्यान कानपूरला सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात ज्या कत्तली झाल्या, आणि नंतर इंग्रजांनी त्यांचा जो सूड उगवला, त्यात हसण्यासारखं काही नाही. तिकडे मी या लेखात जात नाही.

पण नंतरचं सांगतो. सरकारने नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. आधी वर्षाला आठ लाख द्यायला तयार नव्हते, आता एकदाच एक लाख द्यायला तयार झाले. सरकारी काटकसर म्हणतात ती ही. जाहीरनामा काढायचा तर नाव हवं. पेशवा लिहिता येत नाही, ती पदवी आपणच अमान्य केलेली. महाराज लिहिता येत नाही, तेही नाकारलेलं. धोंडोपंत लिहावं तर ओळखणार कोण? इंग्रजी पुस्तकांत तर ते 'धुंदू पंत' होऊन बसलेले. असा कुणी धुंद पंत पकडून आणला तर त्याला सोडून द्यावं लागलं असतं. शेवटी लोक ज्या नावाने ओळखत होते तेच लिहावं लागलं: नानासाहेब. फाशी द्यायला शोधत असलेल्या माणसाला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानभर गावोगावच्या भिंतींवर 'साहेब' म्हणून छापलं. पुढचं इंजिन काढायचं त्यांना माहीत होतं, मागचा बँकर त्यांना दिसलाच नाही.

नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले आणि तिथेच १८५९ च्या सुमारास वारले असं मानतात. सरकारला ते पटायला फार वर्षं लागली. अधूनमधून कुठे कुठे एखादा नाना सापडे. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला खुद्द जयाजीराव शिंद्यांनी एक नाना धरून दिला. चौकशीअंती तो नाना नाही असं ठरलं. पर्सिव्हल लँडन नावाच्या इंग्रज पत्रकाराने तर १८९५ ची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. काठेवाडच्या बाजूला एका तरुण इंग्रज अंमलदाराच्या हाती एक म्हातारा बैरागी लागला, तो आपण नाना असल्याचं सांगत होता. अंमलदाराने हर्षभरित होऊन तार केली की नानासाहेबांना पकडलंय, पुढे काय करू. उलट तार आली की ताबडतोब सोडून दे. गोष्ट खरी असो नसो, तारेतला शहाणपणा खरा आहे. सदतीस-अडतीस वर्षांनी सापडलेल्या सत्तरीच्या माजी पेशव्याला कोर्टात नेमकं काय म्हणून पुकारायचं, हा प्रश्न सरकारला पुन्हा सोडवायचा नव्हता.

गमतीची गोष्ट म्हणजे पेशवा हा मुळात राजा नव्हेच. तो छत्रपतींचा पंतप्रधान, आठ प्रधानांतला पहिला. पगारी माणूस. पद वंशपरंपरा झालं, धनी साताऱ्याला राहिला आणि प्रधान पुण्याला श्रीमंत झाला. त्याच अष्टप्रधानांतले सचिव भोरला संस्थानिक झाले. आमच्या खालापूरला लागून असलेला सुधागड स्वातंत्र्यापर्यंत त्या पंतसचिवांच्याच भोर संस्थानात होता. आजही मंत्रालयात सचिव असतात. त्यांना किल्ले मिळत नाहीत, पण साहेबी तेवढीच असते.

पदवी जाऊन नावच बदलल्याचा जुना दाखलाही आमच्याच भागातला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खालापूर तालुक्यात चौक लागतं. चौककर नेताजी पालकरांना आपल्या गावचे मानतात. शिवाजी महाराजांचे सरनोबत, लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोचले नाहीत म्हणून सरनोबती गेली. तिथून ते विजापूरकरांकडे, तिथून मोगलांकडे. १६६७ मध्ये औरंगजेबाने त्यांना मुसलमान करून मुहम्मद कुलीखान केलं आणि पार काबूलकडे पाठवून दिलं. १६७६ मध्ये ते परत आले, महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. दहा वर्षांत सरनोबत, माजी सरनोबत, कुलीखान आणि माजी कुलीखान. आणि चौकातल्या माणसाला विचारा, तो सरळ 'सरनोबत नेताजी पालकर' म्हणतो. मधली दहा वर्षं त्याच्या हिशेबात खर्ची पडलेली नाहीत.

तिथून थोडं आत, चावणीजवळ उंबरखिंड. १६६१ मध्ये महाराजांनी इथे मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली. त्या फौजेत माहूरच्या सावित्रीबाई देशमुख होत्या. त्यांना सगळे रायबागन म्हणून ओळखतात. हा मोगल दरबारचा किताब. दरबार गेला, मोगल गेले, लढाईत तर त्या हरलेल्या बाजूला होत्या. पण खालापूरच्या शाळेतल्या पोरांना सावित्रीबाई देशमुख म्हटलं तर कळत नाही, रायबागन म्हटलं की कळतं.

त्याच चौक गावात मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ पडला होता. समोरचा डोंगर ते चढून गेले आणि त्यांना माथेरान 'सापडलं'. वर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवल्याचं माहीत नव्हतं. मग इंग्रजांनी वर बऱ्याच कड्यांना आपली नावं दिली. लॉर्ड पॉइंट, किंग जॉर्ज पॉइंट, किंग एडवर्ड पॉइंट, लुईझा, अलेक्झांडर. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आमचे घोडेवाले आजही गिऱ्हाइकाला त्याच इतमामाने 'किंग जॉर्ज' दाखवतात, आणि राजवाड्याकडून कधी दुरुस्तीचं पत्र आलेलं नाही. त्याच माथेरानात १९१२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. जानेवारी १९४३ मध्ये सिद्धगडावर त्यांना पोलिसांनी मारलं. त्यांना सगळे भाई म्हणतात. हा किताब कुठल्या राजाने दिला नव्हता, म्हणून कुठल्या राजाला काढूनही घेता आला नाही. एवढ्यावर त्यांचा विषय थांबवतो. बाकीच्या भाईंच्या रांगेत त्यांना उभं करायला नको.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनेही पदव्या काढायचा उद्योग मन लावून केला. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद. १९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती गेली. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. सरकार पद काढत गेलं आणि लोक त्याचं आडनाव करून रेशनकार्डावर चढवत गेले. आज कर्जतच्या बाजारात 'ओ पाटील' अशी हाक मारा, अर्धा बाजार मान वळवतो. खोत आहेत, देशमुख आहेत, कुलकर्णी आहेत. खोपोलीचं तळं आणि वीरेश्वराचं देऊळ बांधणाऱ्या नाना फडणवीसांचं फडणवीस हेही पद होतं. आता ते आडनाव आहे आणि थेट मुख्यमंत्री होतं. पेशवे नावाची कुटुंबं आहेत, त्यांची गॅसची नोंदणी पेशवे नावावर होते, आणि त्यासाठी कुणाला लंडनला वकील पाठवावा लागत नाही.

संस्थानिकांचा नंबर शेवटी आला. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या हुकमाने त्यांची मान्यता काढली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि २८ डिसेंबर १९७१ ला सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही कायमची गेली. न्यायालयात गेलेल्या राजांत पहिलं नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचं. कायद्याच्या पुस्तकात तो खटला अजून सापडतो आणि वादीच्या रकान्यात छापलंय: हिज हायनेस महाराजाधिराज माधवराव जिवाजीराव सिंधिया बहादूर. पदव्या काढता येतात की नाही यावरचाच खटला, आणि तो कायमचा सगळ्या पदव्यांसकट नोंदलेला. यांचे थोर पूर्वज महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाला मुठीत ठेवून होते. बादशहाने त्यांना देता येतील तेवढे किताब दिले. ते मात्र स्वतःला पाटील म्हणवून घेत. म्हणजे जी उपाधी कर्जतच्या बाजारात फुकट मिळते, ती महादजींना बादशाही किताबांच्या वर वाटली. पाटीलबाबांना कुठल्याच घटनादुरुस्तीची भीती नव्हती.

तेव्हा अँड्र्यूचं काय करायचं? डब्यातल्या एका जाणकाराने तोडगा सुचवला होता. राजाचा भाऊ आहे ना, मग पेशव्यांकडे सदाशिवराव होते तसं 'भाऊसाहेब' म्हणा, साहेब आपोआप येतो. बऱ्याच जणांना हे पटलं. तेवढ्यात नेरळला चढलेली भाजीवाली मावशी टोपली दाराशी सारत सगळं ऐकत होती. अमेरिकेतलं ते एपस्टीन प्रकरण, त्या मुली, त्यांतल्या एकीने याच्यावर केलेले आरोप, ते त्याने कायम नाकारले तरी तिच्याशी कोर्टाबाहेर केलेली तडजोड, हे सगळं कुणीतरी तिला मधल्या दोन स्टेशनांत सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "भाऊ कशाला म्हणता त्याला? काय म्हणायचं ते त्या पोरींना जाऊन विचारा." मग तिने मेथीची जुडी वर केली आणि वीस रुपये म्हणाली. डब्यात थोडा वेळ कुणी भाऊ शब्द काढला नाही, एकमेकांना हाक मारतानाही.

हा निकाल राजवाड्याच्या निकालापेक्षा कडक आहे, आणि मला वाटतं कायदेशीरही आहे. आमच्याकडे उपाधी देणारे जे, काढणारेही तेच. सरकार तनखा बंद करू शकतं. हाक बंद करायची तर ती गावाने करायची असते, आणि गाव ती निवेदन काढून करत नाही. एक दिवस 'अण्णा' मधला शेवटचा काना गळतो, किंवा 'शेठ'च्या आधी कुणीतरी बारीक हसतं. माणसाला त्याच क्षणी कळतं. इतरांना कळायला निवडणूक यावी लागते.

एवढं होऊन कागदोपत्री प्रश्न उरतोच. त्यासाठी आमच्याकडे शेवटचा अधिकारी म्हणजे लग्नपत्रिका छापणारा. तालुक्यात कुणाच्या नावामागेपुढे काय लागतं याची खरी नोंद तहसील कचेरीत नसते, त्याच्या संगणकात असते. कै. कोण झालं, श्री. कुणाला पुरे, मा. कुणाला लावलं नाही तर तो मांडवात जेवणार नाही, सगळं त्याला पाठ. त्याच्याकडे हे प्रकरण नेलं तर त्याने राजपुत्र आहे की नाही याची चौकशीच केली नाही. "मूळ गाव सांगा आणि आता राहतात कुठे ते सांगा," म्हणाला. वेणगावच्या भटांच्या धोंडोपंतांचं त्याने चुटकीसरशी बसवून दाखवलं: श्रीमंत नानासाहेब पेशवे, मु. पो. वेणगाव, ता. कर्जत, हल्ली मु. बिठूर. डलहौसीला जमलं नाही ते एका ओळीत. मग त्याने तोच साचा घेतला: श्री. अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर, मु. पो. विंडसर, हल्ली मु. सँड्रिंगहॅम. पडद्यावर मोजून पाहिलं. नाव लांब आहे, एका ओळीत मावत नाही, दुसऱ्या ओळीचे वेगळे पैसे पडतील, म्हणाला. आणि मधेच थांबून विचारलं, माउंटबॅटन आणि विंडसरच्या मध्ये आडवी रेघ आहे की नाही? मी सांगितलं की १९६० च्या राणीच्या जाहीरनाम्यात रेघ आहे, ३० ऑक्टोबरच्या निवेदनात नव्हती. त्याने संगणकावरून हात काढून घेतले.

"आधी घरच्यांचं एकमत होऊ द्या," तो म्हणाला. "नंतर बदल करायचा म्हणजे पुन्हा सगळ्या पत्रिका वाया."